पुंगळीचा पाठलाग

दमदम, जानेवारी 1857. कलकत्त्याजवळची ही छावणी अजून धुक्यात आहे आणि तुम्ही शिपायांच्या रांगेत उभे आहात. समोर एक गोरा सार्जंट नवी एनफिल्ड रायफल फिरवून फिरवून दाखवतोय. तुमच्या पलटणीतली जुनी बंदूक आतून गुळगुळीत नळीची. शंभर पावलांपलीकडे तिची गोळी कुठे जाईल ते नशिबालाच ठाऊक. हिच्या नळीत तीन पेचदार खाचा आहेत. गोळी त्यांत घट्ट बसते, स्वतःभोवती गिरक्या घेत बाहेर पडते आणि तीनशे यार्डांवरचा माणूस टिपते. रांगेतले सगळे त्या नळीकडे डोळे लावून आहेत. तुम्ही जरा सार्जंटच्या डाव्या हाताकडे बघा. काडतूस तिथे आहे.

कागदाची गुंडाळी. तिच्या एका टोकाला दारू, दुसऱ्या टोकाला 34 ग्रॅमची शिशाची गोळी, आणि गोळीकडची बाजू चरबीत बुडवलेली. ही ठासणीचीच बंदूक आहे, त्यामुळे चरबी नसेल तर घट्ट बसणारी गोळी नळीत खालपर्यंत उतरणारच नाही. शिपायाने गुंडाळीचं टोक दातांनी फाडायचं, दारू ओतायची, गोळी सारायची, गजाने ठासायचं, टोपी बसवायची आणि मग घोडा ओढायचा. मिनिटाला दोन-तीन बार. तुम्हाला अजून चांदमारीला नेलेलं नाही, नुसतं दाखवणं चाललंय. पण बातमी तुमच्या आधी पोचली आहे. काही दिवसांपूर्वी इथल्याच एका मजुराने एका ब्राह्मण शिपायाकडे लोट्यातलं पाणी मागितलं. शिपायाने जात काढली. मजूर हसून म्हणाला, थांबा, गाईची नि डुकराची चरबी दातांनी तोडाल तेव्हा कळेल जात कुठे राहते ते.

पुढचं तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. 24 एप्रिलला मीरतला 85 स्वारांनी काडतुसं घ्यायला नकार दिला, 10 मे रोजी छावणी पेटली. नकाराच्या दिवशी मीरतच्या स्वारांपुढे धरलेली काडतुसं जुन्याच धाटणीची होती, पण तोवर ते कोण ऐकून घेणार! वरसईचे विष्णुभट गोडसे त्या वर्षी दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि नेमके या वणव्यात सापडले. त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्येही काडतुसांची हकीकत येते. इंग्लंडातल्या कारागिरांनी नळीचा विचार केला, खाचांचा केला, शिशाच्या आकाराचा केला. काडतूस फाडणाऱ्या तोंडाचा विचार कोणाच्याच यादीत नव्हता.

हा प्रवास नळ्यांचा नाही, हे आताच सांगून ठेवतो. बंदुकीच्या भविष्याबद्दल बोलताना लोक नेहमी बंदुकीकडे बघतात: तिचा आकार, तिची दुर्बीण, मिनिटाला किती गोळ्या. माझ्या मते ते भविष्य दरवेळी काडतुसात ठरतं, आणि बहुतेकदा तिथेच अडकतं.

नऊ वर्षं पुढे सरका आणि टेम्सच्या काठी वुलिचच्या शस्त्रागारात उतरा. 1866. इथल्या प्रयोगशाळेचा प्रमुख कर्नल एडवर्ड बॉक्सर पातळ पितळी पत्रा गुंडाळून त्याची पुंगळी करतोय. बुडाशी ठिणगी देणारी टोपी, पोटात दारू, तोंडाशी गोळी. सगळं एका डबीत बंद. दात नकोत, गज नको, पावसाची भीती नाही. हे काडतूस बंदुकीत मागून भरता येतं. जुन्या एनफिल्डांची मागची बाजू कापून, तिथे उघडझाप करणारं झाकण बसवून इंग्रजांनी त्याच बंदुकांना नवा जन्म दिला.

इथे थोडं रेंगाळा, कारण पुढच्या दीडशे वर्षांच्या शहाण्या लोकांना या पुंगळीने घाम फोडला आहे. दारू पेटते तेव्हा पितळ फुगतं, नळीच्या बुडाशी असलेल्या चेंबरच्या भिंतीला चिकटतं आणि वायूला मागे, म्हणजे तुमच्या डोळ्यांकडे, येऊ देत नाही. गोळी गेली, दाब उतरला की तेच पितळ किंचित आकसतं आणि भिंत सोडतं. मग आकडा तिला ओढून बाहेर फेकतो. बाहेर पडताना ती चेंबरमधली बरीचशी उष्णता सोबत घेऊन जाते. शेवटचं हे काम कुणी तिला मुद्दाम दिलेलं नव्हतं. ते तिच्याकडून होतं हेही फार लोकांना कळलं नाही, तिला काढून टाकायला निघेपर्यंत. बॉक्सरनंतर पत्रा गुंडाळणं गेलं आणि अखंड ओढलेल्या पितळेच्या पुंगळ्या आल्या. पुण्याजवळ खडकीचा अ‍ॅम्युनिशन कारखाना 1869 चा आहे, म्हणजे या पुंगळीच्या लहानपणापासूनचा.

पुन्हा दमदम. 1897. धुकं तेच, पण आता इथे दारूगोळ्याचा कारखाना आहे आणि कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले त्याचा मुख्य. पॅरिसमध्ये पॉल व्हिएलने 1884 मध्ये बिनधुराची दारू शोधली, तेव्हापासून गोळ्या बारीक आणि वेगवान झाल्या आहेत. वायव्य सरहद्दीवरच्या इंग्रज अधिकाऱ्यांची तक्रार अशी की .303 ची गोळी पठाणाच्या अंगातून आरपार जाते आणि तो पळत राहतो. बर्टी-क्ले गोळीच्या टोकावरचं कठीण आवरण थोडं कमी करतो, आतलं शिसं उघडं ठेवतो. आता गोळी अंगात शिरल्यावर पसरते. तुम्ही कारखान्यात उभे आहात म्हणून तुम्हाला फक्त टोक दिसतं. जखम बघायची तर सरहद्दीवरच्या इस्पितळात जावं लागेल, आणि तिथे पठाणांना खाटा नाहीत. 1899 मध्ये हेगच्या परिषदेने असल्या गोळ्यांवर युद्धात बंदी घालणारा जाहीरनामा काढला. ब्रिटनने तो मान्य करायला 1907 उजाडलं. कलकत्त्याच्या एका उपनगराचं नाव जगभरच्या भाषांत गेलं ते असं.

यानंतरची सत्तर वर्षं तुम्हाला झरझर ओलांडायला लावतो. दोन महायुद्धं, मशीनगनी, कलाश्निकोव्ह. काडतूस तेच राहिलं, फक्त लहान झालं. 1952 मध्ये अमेरिकन लष्करासाठी नॉर्मन हिचमन नावाच्या अभ्यासकाने एक अहवाल लिहिला. रायफलच्या बहुतेक गोळ्या तीनशे यार्डांच्या आतच लागतात आणि लढाईच्या गोंधळात बारीक नेमबाजीला फार अर्थ उरत नाही, असं त्याचं म्हणणं. मग हजार यार्ड जाणारी जड गोळी शिपायाने पाठीवर का वाहायची? त्या प्रश्नातून 5.56 मिलिमीटरचं काडतूस आलं. वजन जेमतेम 12 ग्रॅम. आधीच्या 7.62 च्या निम्मं. त्याच वजनात दुप्पट गोळ्या. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे तो उलटा फिरणार आहे.

1967 चा मे महिना, व्हिएतनाममधल्या खे सानजवळच्या टेकड्या. चिखल, बांबू, आणि घामाने अंगाला चिकटलेला गणवेश. तुमच्या शेजारच्या अमेरिकन मरीनला विशीही लागलेली नसावी. त्याच्या हातात अ‍ॅल्युमिनियम आणि प्लॅस्टिकची काळी एम-16 आहे, थोड्याच दिवसांपूर्वी मिळालेली. त्याला सांगितलंय की ही बंदूक एवढी आधुनिक आहे की साफसफाई फारशी लागत नाही. तो चाप दाबतो, एक गोळी जाते, दुसरी जाते आणि मग काहीच नाही. पुंगळी चेंबरमध्ये चिकटून बसली आहे. आकड्याने तिची कड ओरबाडली, ती सुटली नाही. आता एकच उपाय: नळीच्या तोंडातून साफसफाईचा गज घालून तिला मागे ढकलायची. म्हणजे अंतराळयुगातली बंदूक हातात घेऊन हा पोरगा पुन्हा ठासणीच्या काळात गेला. आणि गज दर दोघा-तिघांत एक असला तर असला.

कारण बंदुकीत नव्हतं, निदान पूर्ण नव्हतं. बंदूक तपासली गेली ती एका दारूवर, आणि सैन्याला काडतुसं मिळाली ती दुसऱ्या दारूची. या दुसरीने बंदुकीचा वेग वाढवला आणि आत जास्त काजळी सोडली. चेंबरला आतून क्रोमचा मुलामा द्यायचा राहिला होता, त्यामुळे दमट हवेत तो गंजत गेला. पोरांनी घरी पत्रं लिहिली, पत्रं वर्तमानपत्रांत आली, खासदारांपर्यंत गेली. त्याच वर्षी खासदारांच्या इकॉर्ड समितीने चौकशी केली आणि लष्कराच्या हलगर्जीला जवळजवळ गुन्ह्याच्या पातळीला नेऊन बसवलं. मग क्रोमचा मुलामा आला, सफाईचं सामान आलं, शिकवण्यासाठी चित्रपुस्तिकाही आल्या. ती बंदूक पुढे सुधारली आणि अर्धं शतक टिकली. खे सानच्या टेकड्यांवर गज शोधत मेलेल्यांना त्याचा उपयोग नव्हता.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या सॅन रॅमोनमध्ये डोकावून या, गंमत म्हणून. एमबी असोशिएट्स नावाच्या कंपनीने पुंगळीचा प्रश्नच मिटवलाय: अख्खं काडतूसच उडवायचं! 13 मिलिमीटरचं चिमुकलं रॉकेट, बुडाला तिरपी छिद्रं, त्यातून वायू निघाला की ते गिरक्या घेतं. पिस्तुलाला धक्का जवळजवळ नाही, आवाज कमी, मागे काही उरत नाही. नाव जायरोजेट. अडचण एवढीच की रॉकेट पुढे जाता जाता वेग घेतं, म्हणजे नळीतून निघताना ते अगदी सुस्त असतं. समोरचा माणूस जितका जवळ, तितकं हे हत्यार निरुपयोगी. पिस्तूल वापरायची वेळ येते तेव्हा समोरचा माणूस जवळच असतो, हे कुणीतरी त्यांना सांगायला हवं होतं. नेमही धड लागत नसे. जेम्स बाँडच्या 1967 च्या चित्रपटात ते झळकलं. जिथे शोभायचं तिथे शोभलं म्हणायचं.

आता मात्र बूड टेकून बसा. ओबर्नडोर्फ, नेकार नदीचा काठ, ब्लॅक फॉरेस्टची पूर्वेकडची कड. सत्तरच्या दशकाचा शेवट. 1811 मध्ये व्युर्टेमबर्गच्या राजाने इथल्या रिकाम्या मठात बंदुकांचा कारखाना थाटला. त्याच गावात माउझर बंधू वाढले. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेंचांनी माउझरचा कारखाना उकलून नेला, आणि तिथल्याच तिघा इंजिनिअरांनी 1949 मध्ये हेकलर आणि कोख ही कंपनी काढली. या गावाला बंदुकीचं वेड नवीन नाही. पण आता कारखान्याच्या आत जे टेबलावर ठेवलंय ते बघून माउझर बंधूंनीही ही बंदूक आहे हे ओळखलं नसतं.

हातात घ्या. जी-11. एक बंद, चौकोनी, गुळगुळीत पेटी, मधोमध पकड आणि वर दुर्बीण. बाजूला पुंगळी फेकणारी नेहमीची खिडकी दिसत नाही. खटका ओढायचा दांडाही नाही. त्याजागी एक गोल कळ आहे, जुन्या भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यावी तशी ती फिरवायची. पन्नास गोळ्यांची लांबलचक मॅगझिन नळीच्या वर, नळीला समांतर सरकते. तिच्यात काडतुसं तोंड खाली करून उभी असतात. एकेक खाली एका गोल दट्ट्यात पडतं, दट्ट्या पाव गिरकी घेतो, काडतूस नळीच्या रेषेत येतं, बार उडतो. तीन गोळ्यांची फैर निवडली तर तीनही गोळ्या मिनिटाला दोन हजारांहून अधिक या वेगाने सुटतात. पेटीच्या आत सगळी यंत्रणा मागे सरकत असते, आणि तिचा धक्का तुमच्या खांद्याला लागेपर्यंत तिसरी गोळी निघून गेलेली असते. म्हणजे नेम हलायच्या आत तिन्ही जवळजवळ एकाच जागी.

आणि काडतूस? ते तळहातावर घ्या. ही दारूचीच कांडी आहे. चौकोनी, दाबून घट्ट केलेली, वरून लाखेसारखा पातळ थर, आणि 4.73 मिलिमीटरची गोळी तिच्या पोटात. पितळ नाही. सगळं जळून जातं, बाहेर फेकायला काही उरत नाही. वजन पाचेक ग्रॅम. 5.56 च्या निम्म्याहूनही कमी. आधीच्या रायफलचे शंभर राउंड ज्या वजनात येत, त्यात याचे कितीतरी पट बसतात. डायनामाइट नोबेल कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं घासून हे बनवलं आहे. तुमच्या शेजारचा इंजिनिअर काही बोलत नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर दिसतं: बॉक्सरची डबी संपली.

मग चांदमारीला चला. पहिली मॅगझिन, दुसरी, तिसरी. बंदूक तापलीय. सगळे बोट चापावरून काढून उभे आहेत. आणि तेवढ्यात बार उडतो.

कुणी चाप दाबलेला नाही. तापलेल्या चेंबरमध्ये दारूची कांडी नुसती बसली होती आणि तिने आपणहून पेट घेतला. पितळ असतं तर त्याने आधीच्या प्रत्येक बाराबरोबर उष्णता बाहेर नेली असती, आणि ताज्या दारूभोवती भिंत होऊन थोडा वेळ काढला असता. आता ती उष्णता जायची कुठे? या दोषामुळे नाटोच्या त्या वेळच्या चाचण्यांतून जी-11 ला माघार घ्यावी लागली.

जर्मन माणूस हट्टी. त्यांनी दारूच बदलली, अधिक तापमानालाच पेटेल अशी नवी जात काढली, कांडीवरचा थर बदलला, आणखी दहा वर्षं दिली. आणि खरं सांगायचं तर त्यांनी तो प्रश्न सोडवला. मला या कथेत सगळ्यात हळहळ वाटते ती इथे. 1989-90 मध्ये जॉर्जियातल्या फोर्ट बेनिंगला अमेरिकेने भविष्यातल्या रायफलींची मोठी स्पर्धा भरवली: दोघींत सुयांसारखे बाण, तिसरीत एका काडतुसात दोन गोळ्या, आणि ओबर्नडोर्फची बिनपितळेची पेटी. अट होती एम-16 च्या दुप्पट सरस असण्याची. एकही उतरली नाही. नेम कुठल्या बंदुकीने ढळत नव्हता, घाबरलेल्या माणसाच्या हाताने ढळत होता, आणि ते हिचमनने 1952 मध्येच सांगून ठेवलं होतं.

3 ऑक्टोबर 1990. ओबर्नडोर्फमध्ये हजारेक जी-11 तयार आहेत. त्याच दिवशी दोन जर्मनी एक झाल्या. पूर्व जर्मनीच्या कोठारांत कलाश्निकोव्हांचे डोंगर, तिजोरीत पूर्वेला उभं करण्याचा खर्च, आणि ज्याच्याशी लढायचं तो शत्रूच पसार. शिवाय नाटोतल्या बाकीच्या देशांच्या बंदुकांत ही कांडी बसत नव्हती. प्रकल्प गुंडाळला गेला, आणि 1991 मध्ये कंपनी इंग्रजांच्या हातात गेली. काही वर्षांनी जर्मन सैन्याने जी-36 घेतली. साधी 5.56. पितळेची पुंगळी, बाजूला फेकणारी खिडकी, सगळं जसंच्या तसं.

पुण्याला या. पाषाणच्या टेकड्यांच्या कुशीत शस्त्रसंशोधनाची प्रयोगशाळा आहे, एआरडीई. इथूनच इन्सास निघाली, भारतीय सैन्याची पहिली देशी 5.56 रायफल. 1999 च्या उन्हाळ्यात ती कारगिलच्या शिखरांवर चढली, आणि थंडीत तिच्या प्लॅस्टिकच्या मॅगझिनला तडे गेले. काडतूस ठीक होतं, ते धरणारी डबी फुटली. वजन वाचवायला प्लॅस्टिक, आणि प्लॅस्टिकला कडाका सोसेना.

त्याच प्रयोगशाळेत जानेवारी 2021 मध्ये जा. महूच्या इन्फंट्री स्कूलबरोबर मिळून चार महिन्यांत एक छोटं मशीन पिस्तूल तयार झालंय: अस्मि. वरचा सांगाडा विमानाच्या प्रतीच्या अ‍ॅल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा, आणि चापाचे काही भाग धातूच्या थ्री-डी छपाईने काढलेले. पूर्वी एखादा सुटा भाग बदलायचा तर साचा बदला, वाट बघा, पुन्हा तपासा. आता रात्री आराखडा बदलायचा, सकाळी नवा भाग हातात. बंदूक बनवण्याच्या कामात खरंखुरं नवं असं काही झालं असेल तर मला ते इथे दिसतं. दाखवायच्या वस्तूत नाही, तिच्या मागच्या खोलीत. या नव्याकोऱ्या पिस्तुलात भरतात काय? नऊ मिलिमीटरचं काडतूस, गेऑर्ग लुगरने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर आखलेलं. सव्वाशे वर्षांचं म्हातारं. भुसावळजवळच्या वरणगावात किंवा खडकीत कधी कारखान्याच्या भोंग्याच्या वेळी उभे राहिलात तर तिथले कामगार तुम्हाला भविष्यकाळातले वगैरे वाटणार नाहीत. पण त्यांनी ओढलेलं पितळ नसेल तर अस्मि म्हणजे कार्बन फायबरची काठी.

याच छपाईची काळी बाजू 2013 मध्ये टेक्सासमध्ये दिसली होती, कोडी विल्सन नावाच्या तरुणाने प्लॅस्टिकचं छापील पिस्तूल जगापुढे ठेवलं तेव्हा. परवाने, नोंदी, कारखान्यांवरचे शिक्के, हे सगळं बंदूक कारखान्यातच जन्मते या गृहीतकावर उभं होतं. ते गृहीतक तेव्हापासून लंगडतंय, आणि कायद्याला अजून कुबडी सापडलेली नाही.

टेक्सासमध्ये आहातच तर दोन वर्षं पुढे व्हा. ट्रॅकिंगपॉइंट कंपनीची रायफल: दुर्बिणीत संगणक, तुम्ही लक्ष्यावर खूण करायची, अंतर-वारा-उतार यांचं गणित तो करतो आणि नळी नेमक्या जागी आली की मगच बार सोडतो. त्यात वायफायसुद्धा होतं. 2015 मध्ये रुना सँडविक आणि मायकेल ऑगर या जोडप्याने त्याच वायफायमधून आत शिरून दाखवलं. त्यांनी गणितातला एक आकडा बदलला आणि गोळी शेजारच्या लक्ष्यावर लागली. दुर्बिणीतून बघणाऱ्याला काही कळलं नाही. बार मात्र त्यांना दुरून उडवता आला नाही, कारण चाप शेवटी बोटानेच दाबायचा होता. अंगठ्याचा ठसा किंवा चेहरा ओळखून उघडणारी पिस्तुलं आता बाजारात येऊ लागलीत. त्यांच्याबद्दल उत्साहाने बोलणाऱ्यांना ही हकीकत ऐकवावी, पण ठशाशिवाय न उडणाऱ्या पिस्तुलाने घरातलं एक पोर जरी वाचलं तरी ते मला पटेल, हेही खरं.

एप्रिल 2022. अमेरिकन लष्कर पुन्हा भविष्य निवडतंय, आणि या वेळी ते उघडपणे काडतूस निवडतंय. तीन स्पर्धक, तीन पुंगळ्या. एकाची पुंगळी पॉलिमरची, बुडाला फक्त धातू. दुसऱ्याची दंडगोल, गोळी पूर्ण आत बुडवलेली. तिसरी सिग कंपनीची: अंग पितळेचं, बूड पोलादाचं, कारण आत दाब आहे चौरस इंचाला 80,000 पौंडांपर्यंत आणि निव्वळ पितळ तो सोसणार नाही. जिंकली तिसरी. म्हणजे शेवटी पितळच, पोलादाचा टेकू घेऊन.

एवढा दाब कशाला? समोरच्याने छातीवर कवच घातलंय म्हणून. त्यासाठी 6.8 मिलिमीटरची जोरकस गोळी. आणि इथे तो हिशेब उलटा फिरला. एम-4 कार्बाइन घेतलेला शिपाई 210 गोळ्या वाहायचा, नवी एम-7 घेतलेला 140 वाहतो, कारण मॅगझिन विसाची आणि बंदूकही जड, आवाज दाबणारी नळी लावली की साडेचार किलोंच्या आसपास. वर अंतर मोजून गणित करणारी दुर्बीण, आणि तिची बॅटरी. सत्तर वर्षांपूर्वी ज्या कारणासाठी गोळी हलकी केली, ते कारण बाजूला पडलं. 2025 मध्ये एका अमेरिकन कॅप्टनने जाहीरपणे हेच मांडलं, की हा शिपाई लढाईत लवकर रिकामा होईल. लष्कराने आणि कंपनीने ते खोडून काढलं. दोघांपैकी बरोबर कोण ते प्रत्यक्ष लढाईतच ठरेल, आणि ते ठरू नये असंच मला वाटतं. या सगळ्या टेबलांवर, ओबर्नडोर्फ ते अमेरिका, एक माणूस मी तुम्हाला दाखवू शकलो नाही. ज्याच्या अंगात गोळी शिरते तो. कागदपत्रांत त्याला लक्ष्य म्हणतात.

यापुढचं गाव मी बघितलेलं नाही, अंदाजाने नेतो. 2050. बेळगाव, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, पावसाळ्यानंतरची लुसलुशीत हिरवळ आणि चांदमारीच्या मैदानाला लागून मातीचा उंच बांध. तुम्ही रंगरूट आहात. खांद्यावरच्या रायफलीला नळी आहे, चाप आहे, दस्ता आहे. दमदमच्या शिपायाने ती चटकन ओळखली असती. त्याला बुचकळ्यात पाडेल ती दुर्बीण. ती अंतर मोजते, वारा मोजते, आकाशातल्या चिमणीएवढ्या ड्रोनवर चौकट धरते आणि नेम जुळेपर्यंत बार अडवते. यातलं बरंच 2020 च्या दशकातच आलं होतं. इस्रायलची तशी दुर्बीण भारतीय नौदलाने तेव्हाच मागवली होती. बॅटरी संपली तर लोखंडी माशी आहेच, आणि उस्ताद रोज सकाळी दुर्बीण झाकण लावून बंद करायला लावतो आणि साध्या माशीवर नेम धरायला लावतो. काडतुसाचं अंग पॉलिमरचं झालं असेल कदाचित. बूड धातूचंच असेल, कारण टोपीचा तडाखा आणि आकड्याची ओढ सोसायला दुसरं स्वस्त काही सापडलेलं नसेल.

तुम्ही दहा गोळ्या झाडता. दहाही लागल्याचं दुर्बीण गोळी पोचताक्षणी सांगते, कुठे, किती सेंटिमीटर डावीकडे, तुमच्या श्वासाचा दोष किती, सगळं. निकाल कचेरीत पोचलाही. कोणाला गुण मोजायची गरज नाही.

पण हवालदार हातात डबा घेऊन उभा आहे आणि त्याला रिकाम्या पुंगळ्या हव्या आहेत. दहा झाडल्या, दहा परत. हिशेब म्हणजे हिशेब. तुमच्याकडे नऊ भरतात. उस्ताद यंत्राकडे बघत नाही, तुमच्याकडे बघतो. “दहावी कुठाय रे?” तुम्ही म्हणता, उडाली असेल गवतात. “मग हुडक की! ती मिळाल्याशिवाय लंगरला कुणी जायचं नाही.” आणि अख्खी प्लाटून, तिच्या दुर्बिणी, बॅटऱ्या, ड्रोन टिपणाऱ्या चौकटींसकट, गुडघ्यांवर बसून ओल्या गवतात बोटं घालू लागते.